जिनिव्हातील मौन : विल्हेल्म लॉयश्नर आणि जर्मन कामगार चळवळ

जून १९३३. जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेचे अधिवेशन भरले होते. जर्मन कामगारांचा प्रतिनिधी म्हणून रॉबर्ट लाय हा नाझी पुढारी तेथे आला होता. त्याच्यासोबत सल्लागार म्हणून आणलेले त्रेचाळिशीचे एक गृहस्थ होते. जेमतेम महिन्याभरापूर्वी नाझींनी त्यांना अटक करून मारहाण केली होती. ‘नव्या जर्मनीत कामगारांचे खरे प्रतिनिधी हेच’ अशा अर्थाचे चार शब्द त्यांनी जगातील कामगार पुढाऱ्यांसमोर बोलावेत, एवढीच लायची अपेक्षा होती.

ते बोलले नाहीत. त्यांचे नाव विल्हेल्म लॉयश्नर. आजचा धागा त्यांच्या या मौनाविषयी आहे, आणि त्याहून अधिक, या मौनाच्या आधी व नंतर काय घडले याविषयी.

प्रथम एक साधा प्रश्न. लाखो लोकांना धाकात ठेवू शकणाऱ्या राजवटीला एका माणसाच्या चार शब्दांची गरज का पडावी?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची रचना इतर आंतरराष्ट्रीय संस्थांहून वेगळी आहे. तेथे प्रत्येक देश चार प्रतिनिधी पाठवतो : दोन सरकारचे, एक मालकांचा आणि एक कामगारांचा. कामगारांचा प्रतिनिधी सरकारने परस्पर नेमायचा नसतो. देशातील सर्वांत प्रातिनिधिक कामगार संघटनांच्या संमतीने तो निवडावा लागतो. (१९१९ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या परिषदेत भारतीय कामगारांच्या वतीने बसलेले ना. म. जोशी आपल्याकडील वाचकांना परिचित आहेतच.) मुसोलिनीच्या इटलीने आपल्या फॅसिस्ट संघटनेचा माणूस पाठवायला सुरुवात केली, तेव्हा १९२३ पासून त्याच्या नियुक्तीवर वारंवार आक्षेप घेतले गेले. लायला हे ठाऊक होते. जुन्या, निवडून आलेल्या संघटनांचा एखादा मान्यवर नेता शेजारी बसून मान डोलावत असेल, तर आक्षेपाची धार बोथट होणार होती. लॉयश्नर तर त्या संघटनेच्या नियामक मंडळावरही होते. जिनिव्हात त्यांना ओळखत नाही असा कामगार पुढारी क्वचितच सापडला असता.

लॉयश्नर यांचा जन्म १५ जून १८९० रोजी बायरॉइट येथे झाला. वडील घरोघरी शेगड्या बसवणारे कारागीर. मुलाने लाकडावरील कोरीवकामाचा धंदा शिकून घेतला आणि विशी ओलांडण्यापूर्वीच तो डार्मस्टाटला आला. हे शहर त्या काळी नव्या कलाशैलीसाठी प्रसिद्ध होते. तेथील ग्रँड ड्यूकने १८९९ मध्ये कलावंतांची एक वसाहतच वसवली होती. घरे, कपाटे, खुर्च्या, दरवाजे या सगळ्यांवर वेलबुट्टीची नक्षी हवी असे, आणि ती कोरणारे हात लागत. लॉयश्नर यांचे हात त्यांपैकी एक होते.

कोरीवकाम करणारे कारागीर संख्येने थोडे, पण संघटनेत पक्के. येथेच लॉयश्नर चळवळीत आले. पुढे सोशल डेमोक्रॅटिक पक्षात. पहिल्या महायुद्धात ते सैनिक म्हणून लढले. युद्ध संपले, राजे गेले, प्रजासत्ताक आले. या प्रजासत्ताकाने त्यांच्यासारख्या माणसांसाठी जे दरवाजे उघडले, ते आधी बंदच होते. १९१९ मध्ये ते डार्मस्टाटच्या नगरसभेत, १९२४ मध्ये हेस राज्याच्या विधिमंडळात, १९२६ मध्ये कामगार महासंघाचे विभागीय सचिव, आणि १९२८ मध्ये हेसचे गृहमंत्री. लाकूड कोरणारा कारागीर राज्याच्या पोलीस खात्याचा प्रमुख झाला होता. सरंजामी जर्मनीच्या आठवणीत वाढलेल्या अनेकांना हे पाहवत नसे.

गृहमंत्री म्हणून त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठी घटना नोव्हेंबर १९३१ची आहे. त्या महिन्यात झालेल्या निवडणुकीत हेसच्या विधिमंडळात ७० पैकी २७ जागा नाझींना मिळाल्या. त्यानंतर काही दिवसांतच नाझी पक्षातून फुटलेल्या एका माणसाने पोलिसांकडे कागदपत्रे आणून दिली. सत्ता हाती आल्यावर काय करायचे, याचा तो आराखडा होता : नाझी दलांच्या आज्ञेला विरोध करणाऱ्याला देहान्त शासन, शस्त्रे जमा न करणाऱ्याला देहान्त शासन, अन्नधान्यावर ताबा, सक्तीची श्रमसेवा. आराखडा लिहिणारा होता वेर्नर बेस्ट, पेशाने कायद्याचा माणूस आणि नुकताच निवडून आलेला नाझी आमदार. ज्या शेतघरात हे खलबत झाले त्याच्या नावावरून हे कागद ‘बॉक्सहाइम दस्तऐवज’ म्हणून ओळखले जातात.

लॉयश्नर आणि त्यांचे प्रसिद्धी अधिकारी कार्लो मीरेनडॉर्फ यांनी ते कागद जाहीर केले. देशभर खळबळ उडाली. हिटलरने आपल्याला यातले काही ठाऊक नसल्याचे सांगितले. आणि न्यायसंस्था? देशद्रोहाचा खटला सर्वोच्च न्यायालयात रेंगाळत राहिला आणि ऑक्टोबर १९३२ मध्ये पुराव्याअभावी बंद झाला. युक्तिवाद असा की, हा कट कम्युनिस्टांच्या संभाव्य उठावाला तोंड देण्यासाठी आखला होता, प्रजासत्ताकाविरुद्ध नव्हे. स्वतःच्या मृत्यूचा लेखी आराखडा हाती असूनही प्रजासत्ताकाच्या न्यायाधीशांनी तो दप्तरी दाखल केला. कागद आणून देणाऱ्या माणसाचा जुलै १९३३ मध्ये खून झाला.

आता या कथेतील सर्वांत अवघड भागाकडे वळू. जर्मन कामगार चळवळ जगातील सर्वांत बलाढ्य चळवळींपैकी एक होती. मग १९३३ मध्ये ती लढली का नाही?

तिला लढता येत होते, हे आधी सिद्ध झाले होते. मार्च १९२० मध्ये काप नावाच्या नोकरशहाने काही लष्करी तुकड्यांच्या बळावर बर्लिनचा ताबा घेतला, तेव्हा संघटनांनी सार्वत्रिक संप पुकारला. सुमारे १ कोटी २० लाख लोक कामावर गेले नाहीत. पाणी, वीज, रेल्वे, सारे ठप्प. चार-पाच दिवसांत बंड कोसळले. परंतु त्या वेळी लॉयश्नर ज्या महासंघाचे होते, त्याची सदस्यसंख्या ८० लाखांच्या आसपास होती. १९३२ अखेर ती निम्म्याहूनही खाली आली होती. देशात ६० लाखांवर लोक बेकार होते. संपावर गेलेल्या प्रत्येक माणसाची जागा घ्यायला कारखान्याच्या फाटकाबाहेर दहा जण उभे असताना संपाचे हत्यार उगारणे सोपे नसते. २० जुलै १९३२ रोजी चान्सेलर पापेनने प्रशियाचे लोकनियुक्त सरकार एका आदेशाने बरखास्त केले. तेव्हाही कार्यकर्ते हुकमाची वाट पाहत राहिले आणि नेत्यांनी निवडणुकीची वाट पाहायचे ठरवले.

शिवाय ‘चळवळ’ हा शब्द एकवचनी वापरणेच मुळात फसवे आहे. समाजवादी विचारांच्या स्वतंत्र संघटना वेगळ्या, कॅथलिक व प्रोटेस्टंट कामगारांच्या ख्रिस्ती संघटना वेगळ्या, उदारमतवाद्यांच्या आणखी वेगळ्या. कम्युनिस्टांचे या सर्वांशी वैर, आणि सोशल डेमोक्रॅटांचे कम्युनिस्टांशी. एकाच कारखान्यात, एकाच यंत्रावर पाळीपाळीने काम करणारे दोन कामगार दोन वेगळ्या संघटनांना वर्गणी देत आणि एकमेकांच्या सभा उधळत.

मार्च १९३३ मध्ये हेसचे पोलीस खाते केंद्राने नेमलेल्या माणसाच्या हाती गेले आणि लॉयश्नर यांचे मंत्रिपद संपले. ते आता बर्लिनमध्ये महासंघाच्या राष्ट्रीय नेतृत्वात होते. या नेतृत्वाचे त्या वसंतातील वर्तन वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होते. महासंघाचे अध्यक्ष टेओडोर लायपार्ट यांनी हिटलरला पत्रे लिहून संघटना राजकीय पक्षापासून अलग असल्याची ग्वाही दिली. हिटलरने १ मे हा पगारी सुटीचा ‘राष्ट्रीय श्रमदिन’ जाहीर केला, तेव्हा महासंघाने आपल्या सदस्यांना त्यात सहभागी होण्याचे आवाहन केले. संघटना वाचवायची, इमारती, निधी, आजारपणाच्या व बेकारीच्या मदतीची व्यवस्था वाचवायची, हा त्यामागचा हिशेब होता. पिढ्यान्‌पिढ्या पै-पै करून उभारलेले हे सारे एका संपावर पणाला लावायला ते धजावले नाहीत.

एप्रिलच्या अखेरीस तिन्ही प्रवाहांचे नेते अखेर एकत्र बसले आणि २८ एप्रिल रोजी एकीकरणाचा करार झाला. दशकानुदशके जे जमले नव्हते ते चार ओळींत लिहिले गेले. पण त्याच मसुद्यात नव्या राज्याशी सहकार्याची तयारीही होती. एकी झाली ती भीतीने आणि सहीही भीतीखालीच झाली. या धाग्यातील नायकाचे नाव त्या नेतृत्वापासून अलग काढता येत नाही, आणि काढूही नये. त्यांचे पुढचे सारे आयुष्य समजण्यासाठी हे आवश्यक आहे.

१ मे रोजी बर्लिनच्या टेम्पलहोफ मैदानावर लाखोंचा समुदाय जमला. २ मे रोजी सकाळी १० वाजता देशभरातील कामगार संघटनांच्या कचेऱ्यांवर एकाच वेळी नाझी दलांनी धाड घातली. इमारती, बँक खाती, वर्तमानपत्रे ताब्यात. ड्युइसबुर्गच्या कामगार भवनात चार जणांना मारहाण करून ठार केले. नेते तुरुंगात. त्यात लॉयश्नरही होते.

काही दिवसांत त्यांची सुटका झाली. कारण वर आलेच आहे : लायला जिनिव्हासाठी त्यांची गरज होती.

जिनिव्हाला ते गेले. परिषदेत त्यांनी लायच्या समर्थनार्थ तोंड उघडले नाही. मात्र खाजगीत, जुन्या परदेशी सहकाऱ्यांना, जर्मनीत काय चालले आहे ते सांगितले. कामगार गटाने लायला आपला मानण्यास नकार दिला. त्यात लायने लॅटिन अमेरिकी प्रतिनिधींविषयी वंशद्वेषी, उर्मट उद्गार काढले आणि प्रकरण हाताबाहेर गेले. जर्मन शिष्टमंडळ अधिवेशन अर्धवट टाकून परतले. हिटलरच्या राजवटीने पहिल्यांदाच एका आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर मान्यता मागितली होती आणि ती तिला मिळाली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीने राष्ट्रसंघातून बाहेर पडण्याची घोषणा केली आणि श्रम संघटनेशीही संबंध तोडले.

मित्रांनी त्यांना स्वित्झर्लंडमध्येच राहण्याचा आग्रह केला. परतल्यावर काय होणार हे सर्वांना दिसत होते. तरीही ते परत निघाले. आपल्या लोकांना मागे टाकून आपण सुरक्षित राहावे, हे त्यांना पटणारे नव्हते. त्यांची पत्नी आणि मुलेही जर्मनीतच होती. सीमा ओलांडल्यावर फ्रायबुर्ग येथे त्यांना अटक झाली.

पुढचे वर्ष तुरुंग आणि छळछावण्यांत गेले. प्रथम एम्सलांडच्या दलदलीतील ब्योर्गरमोर छावणी, जेथे कैद्यांना चिखलात उभे राहून पीट खणावे लागे. मग एल्बे नदीकाठच्या जुन्या किल्ल्यातील लिख्टेनबुर्ग. जून १९३४ मध्ये ते बाहेर आले. नोकरी नाही, पद नाही, पाळत मात्र चोवीस तास.

या टप्प्यावर बहुतेक चरित्रे ‘आणि मग त्यांनी गुप्तपणे प्रतिकार सुरू केला’ असे एक वाक्य लिहून थेट १९४४ वर उडी घेतात. वस्तुतः मधली दहा वर्षेच पाहण्यासारखी आहेत. गुप्त चळवळ म्हटली की भूमिगत छापखाना आणि भिंतींवरील घोषणा डोळ्यांपुढे येतात. लॉयश्नर यांनी तो मार्ग धरला नाही. पत्रके वाटणारे गट गेस्टापो काही महिन्यांत मोडून काढत होती, हजारो कार्यकर्ते त्यात गेले होते. त्यांनी बर्लिनच्या क्रॉइट्सबर्ग भागात एक छोटा कारखाना चालवायला घेतला. माल कोणता? गुत्त्यांमध्ये पिंपातून बियर ओतण्यासाठी लागणाऱ्या तोट्या आणि तत्सम जोडसाहित्य!

तोट्यांचा धंदा हा फिरतीचा धंदा. गिऱ्हाईक गाठायला गावोगाव जावे लागते, आणि गावोगाव जुने संघटक होते : कोणी विम्याचा एजंट, कोणी दुकानदार, कोणी बेकार. कारखान्यात ॲल्युमिनियमवर प्रक्रिया करण्याची एक पद्धतही वापरली जाई. युद्ध सुरू झाल्यावर तिला लष्करी महत्त्व आले आणि कारखान्याला बऱ्यापैकी संरक्षण मिळाले. कामगार म्हणून, विक्रेता म्हणून जुन्या सहकाऱ्यांना आसरा देता आला. बैठका नाहीत, सभासद-नोंदी नाहीत, कागद तर नाहीच नाही. ओळखीचा माणूस ओळखीच्या माणसाला भेटे, एवढेच. राजवट कोसळेल त्या दिवशी त्या-त्या गावाचा कारभार, पोलीस आणि कारखाने सांभाळायला कोण उभे राहील, एवढी एकच गोष्ट या भेटींतून ठरत जाई.

ऑगस्ट १९३९ मध्ये, युद्धाच्या तोंडावर, परदेशातील एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या देशाची तुलना एका प्रचंड तुरुंगाशी केली आहे. त्यांचे म्हणणे असे की, निःशस्त्र कैद्यांनी सशस्त्र पहारेकऱ्यांवर चालून जाणे जसे आत्मघाताचे, तसेच येथे बंड करणे. हे पत्र निराशेचे म्हणून उद्धृत केले जाते. पण त्यात एक थंड निष्कर्षही दडलेला आहे. पहारेकऱ्यांपैकीच काहींनी शस्त्रे फिरवल्याशिवाय दार उघडणार नव्हते. म्हणजे लष्कराशी बोलणे भाग होते, आणि लष्करापर्यंत नेणारी माणसे कामगारांच्या जगातली नव्हती.

त्या आधी मात्र घरातली फूट सांधायची होती. याकोब कायझर हे ख्रिस्ती संघटनांचे कॅथलिक नेते. माक्स हाबरमान हे कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या राष्ट्रवादी संघटनेतून आलेले. तिची परंपरा उघडपणे समाजवादविरोधी आणि ज्यूद्वेष्टी होती. १९३२ मध्ये हे तिघे एका टेबलाशी बसले असते तर तिघांच्याही अनुयायांनी भुवया उंचावल्या असत्या. आता तिघांनाही मंत्री, अध्यक्ष, कार्यालय असे काही उरले नव्हते. १९३३ च्या एप्रिलमध्ये भीतीपोटी केलेला करार त्यांनी यानंतरच्या वर्षांत खऱ्या अर्थाने घडवला : पक्ष व धर्म यांच्यापलीकडे, साऱ्या कामगार-कर्मचाऱ्यांची एकच संघटना.

या योजनेवर आज टीकाही होते आणि ती अगदी निराधार नाही. तीत सदस्यत्व सक्तीचे होते आणि लायच्या ‘श्रम आघाडी’ची अवाढव्य यंत्रणा मोडण्याऐवजी ताब्यात घेण्याचा विचार होता. स्वेच्छेने जमलेल्या लोकांची संघटना ती हीच का, असा प्रश्न इतिहासकारांनी विचारला आहे. फुटीने ज्यांचे सर्वस्व नेले, त्यांना एकीत थोडी सक्ती खपत होती असे दिसते.

या तिघांमार्फत कामगारांचा धागा लाइपझिगचे माजी महापौर कार्ल ग्योर्डेलर आणि माजी सेनाप्रमुख लुडविग बेक यांच्या वर्तुळाशी जुळला. पुढे कर्नल स्टाउफेनबर्ग यांच्याशीही. ग्योर्डेलर पुराणमतवादी, राजेशाहीकडे ओढा असलेले. लॉयश्नर यांच्याशी त्यांचे अनेक मुद्द्यांवर पटत नसे. पण हिटलरनंतरच्या सरकारात ग्योर्डेलर चान्सेलर आणि लॉयश्नर उपचान्सेलर, अशी योजना ठरली. मीरेनडॉर्फ ते सरकार पाहायला उरले नाहीत. डिसेंबर १९४३ मध्ये लाइपझिगवरील हवाई हल्ल्यात त्यांचा मृत्यू झाला.

२० जुलै १९४४ रोजी बॉम्ब फुटला आणि हिटलर वाचला. (प्रशियाचे सरकार बरखास्त होऊन त्या दिवशी बरोबर बारा वर्षे झाली होती.) ज्या जाळ्याने गावोगाव कारभार हाती घ्यायचा होता, त्याला इशारा मिळालाच नाही. एका अर्थी त्यामुळेच ते बरेचसे वाचले. कागद नसल्याने गेस्टापोला त्याचा पूर्ण विस्तार कधीच कळला नाही.

लॉयश्नर बर्लिनमध्ये मित्रांच्या घरी लपले. त्यांना बाहेर काढण्यासाठी पत्नी एलिझाबेथ यांना अटक झाली. १६ ऑगस्ट रोजी कोणीतरी दिलेल्या खबरीवरून ते पकडले गेले. ७ आणि ८ सप्टेंबरला रोलांड फ्रायस्लरच्या ‘लोकन्यायालया’त ग्योर्डेलर व इतर तिघांसोबत त्यांचा खटला चालला आणि सर्वांना देहान्ताची शिक्षा झाली. त्या तिघांना त्याच दिवशी फाशी दिले. लॉयश्नर यांना २९ सप्टेंबर १९४४ रोजी प्लोट्झेनझेच्या तुरुंगात फासावर चढवले. सहबंद्यांनी पुढे सांगितले आहे की, आदल्या दिवशी आपल्या फाशीची वार्ता देऊन त्यांनी मागे राहणाऱ्यांना एकच निरोप दिला : एकी घडवा.

हाबरमान यांना ऑक्टोबरच्या अखेरीस पकडण्यात आले. इतरांची नावे आपल्या तोंडून बाहेर पडू नयेत म्हणून त्यांनी कोठडीत जीव दिला. तिघांपैकी केवळ कायझर वाचले. बर्लिनजवळच्या एका तळघरात लपून त्यांनी युद्धाचा शेवट गाठला.

त्या निरोपाचे पुढे दोन अर्थ निघाले. सोव्हिएत ताब्यातील पूर्व भागात फेब्रुवारी १९४६ मध्ये एकच कामगार महासंघ स्थापन झाला आणि थोड्याच वर्षांत तो सत्ताधारी पक्षाच्या हुकमतीखाली गेला. पश्चिमेत ऑक्टोबर १९४९ मध्ये म्युनिक येथे जर्मन कामगार संघटनांचा महासंघ स्थापन झाला. समाजवादी आणि ख्रिस्ती परंपरेचे कामगार प्रथमच एका छताखाली आले, आणि सदस्यत्व ऐच्छिक ठेवले गेले. कार्यालयीन कर्मचाऱ्यांची एक मोठी संघटना मात्र बाहेरच राहिली.

लायने ऑक्टोबर १९४५ मध्ये न्यूरेंबर्गच्या कोठडीत आत्महत्या केली. बॉक्सहाइमचे कागद लिहिणारा वेर्नर बेस्ट व्याप्त डेन्मार्कमध्ये हिटलरचा प्रतिनिधी झाला होता. तेथील न्यायालयाने त्याला देहान्ताची शिक्षा दिली, ती पुढे कमी झाली आणि १९५१ मध्ये तो सुटला. तो १९८९ पर्यंत जगला. तो सुटला त्याच वर्षी पश्चिम जर्मनीला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत पुन्हा प्रवेश मिळाला, आणि लॉयश्नर जेथे गप्प बसले होते त्या परिषदेत जर्मन कामगारांच्या प्रतिनिधीला पुन्हा जागा मिळाली.